प्लस का मॅक्स? बिटाच्या बुडाची गोष्ट

मोटरचा पाया, शेडचे अँकर बोल्ट यासाठी आता बरेच शेतकरी रोटरी हॅमर घेतात. बोईसरला हार्डवेअरवाला पहिलं विचारतो, "प्लस का मॅक्स?" हे नाव आलं कुठून ते कळलं की खरेदी चुकत नाही.

आपल्या पालघरच्या काळ्या दगडात विहिरी खोदताना सुरुंगाचं भोक हाताने पाडायचे. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण मारायचा, दर घावाला पहार थोडी फिरवायची. जर्मनीच्या बॉशने १९३२ साली विजेचा रोटरी हॅमर आणला. ठोका आणि फिरकी, दोन्ही मशीन करू लागलं.

अडचण पकडीची. साध्या चकात बिट तीन जबड्यांत घट्ट आवळलेलं, त्यामुळे ठोक्याचा जोर चकातच जिरतो आणि हादऱ्याने पकड सैल होते. १९७५ साली बॉशने एसडीएस काढलं. मूळ जर्मन शब्दांचा अर्थ: घाला, फिरवा, बसलं. बुडाच्या उघड्या खाचा बिट फिरवतात, बंद खाचा ते पडू देत नाहीत. बिट पुढेमागे सरकतं, म्हणून ठोका थेट त्याच्यावर बसतो.

प्लसचं बूड १० मिमी, खाचा चार. बोल्टच्या भोकांना हे पुरतं. मॅक्सचं १८ मिमी, खाचा पाच. मोठी भोकं आणि फोडकामासाठी. एकाचं बिट दुसऱ्यात बसत नाही. म्हणून घरात असलेलं बिट सोबत न्या, लावून बघा, मगच पैसे द्या. बुडाला ग्रीस लावायला विसरू नका.