निकाली कुस्ती

डिसेंबर २०१७. मुळशी तालुक्यातल्या भूगावात महाराष्ट्र केसरीच्या अंतिम लढतीत अभिजित कटकेने किरण भगतला हरवलं. त्याच काळात 'झी मराठी'वरचा कोल्हापूरकडचा पैलवान राणाही रोज संध्याकाळी घराघरांत पोचत होता.

'तुझ्यात जीव रंगला' २०१६ साली सुरू झाली, तेव्हा तांबडी माती, तालीम आणि कोल्हापुरी बोली हेच तिचं भांडवल होतं. पुढे घरातल्या कारस्थानांनी आखाडा व्यापला. जानेवारी २०२१ मध्ये मालिका संपली, तेव्हा कुणी हळहळलं, कुणी 'सुटलो बाबा' म्हणालं. पहिले राणा-अंजलीच्या संसारात गुंतले होते. दुसरे कुस्ती बघायला बसले होते. जत्रेच्या मैदानात बरोबरीत सोडवलेल्या कुस्तीवर गर्दी नाराज होते. तिला निकाली कुस्ती हवी असते. चार वर्षं चाललेल्या मालिकेकडून या दुसऱ्यांनी तेवढंच मागितलं होतं.