घरीं घडलेली गिटार

दारिद्र्य पुष्कळदां शिक्षकाचें काम करतें. इ. स. १९६३ च्या ऑगस्टांत इंग्लंडांतील फेल्टम येथें सोळा वर्षांच्या ब्रायन मे यानें वडील हॅरल्ड यांच्या साह्यानें विजेची गिटार घडविण्यास आरंभ केला. विकत घेण्याची ऐपत नव्हती. जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनी लांकडाची मान झाली; मोटारसायकलच्या स्प्रिंगा तारांचा ताण तोलूं लागल्या. लोहचुंबकांवर तारेचीं वेटोळीं त्यानें स्वतः गुंडाळलीं. पण तार ताणतांना विचित्र नाद येई, म्हणून तयार वेटोळीं आणलीं. तीं एकापुढें एक जोडून प्रत्येकास दोन कळा दिल्या: एक चालू-बंद करणारी, दुसरी प्रवाह उलटविणारी. त्यामुळें एकाच वाद्यांतून अनेक नाद निघाले व पुढें तें जगभर गाजलें. मुलानें घरांत कांहीं उघडून मांडलें, तर वडिलांनीं रागावण्यापूर्वीं क्षणभर शेजारीं बसावें, असें आम्हांस वाटतें.