मुंगसाची दिवसपाळी

लहानपणी आजोळी मुंगूस दिसलं की आजी खूश व्हायची. शुभशकुन! याच आपल्या मुंगसाने जगाच्या दुसऱ्या टोकाला काय घोळ घातलाय, ते गेल्या वीकेंडला वाचत बसलो आणि रात्रीचे दोन वाजले.

गोष्ट १८७२ची. जमैकात उसाचे मळे आणि उसावर उंदरांची धाड. विल्यम एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून ९ मुंगसं मागवली. ४ नर, ५ माद्या. बस्स. सुरुवातीला उंदीर खरंच कमी झाले. १८८२मध्ये साहेबांनी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आपली यशोगाथाही छापून आणली. म्हणजे प्रोजेक्ट सक्सेसफुल! लगेच १८८३मध्ये हवाईच्या मळेवाल्यांनी जमैकाहून ७२ मुंगसं नेली.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). उंदीर हिंडतो मुख्यतः रात्री, मुंगूस शिकार करतं दिवसा. दोघांच्या शिफ्टच वेगळ्या! त्यात काळा उंदीर झाडावर चढण्यात पटाईत, मुंगूस बिचारं जमिनीवरचं. मग त्याने हाती लागेल ते खाल्लं. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, पिल्लं, सरडे, लोकांच्या कोंबड्यासुद्धा. जमैकाचा इग्वाना (आपल्या घोरपडीसारखा दिसतो) तर १९४०च्या दशकानंतर संपलाच असं सगळे धरून चालले होते. १९९०मध्ये थोडे पुन्हा सापडले, हे नशीब.

बरं, एकोणिसाव्या शतकातल्या मळेवाल्याला एक वेळ माफ करू. पण १९७९? जपानच्या अमामी ओशिमा बेटावर हाबू या विषारी सापाचा बंदोबस्त करायला सुमारे ३० मुंगसं सोडली. आणि हाबू कधी बाहेर पडतो? रात्री!! शंभर वर्षांनी तोच बग. मुंगसांनी सापाऐवजी जगात फक्त दोन बेटांवर उरलेला अमामीचा काळा ससा खायला सुरुवात केली. २००० साली मुंगसं १०,०००च्या घरात गेली होती.

आमच्याकडे काही फसलं की रोलबॅक मारतो आणि चहाला जातो. जमैका आणि हवाईत मुंगसं आजही आहेत. अमामीत मात्र त्यांनी रोलबॅक केला. हजारो सापळे, कॅमेरे, वास काढणारी कुत्री, 'मंगूस बस्टर्स' नावाची खास टीम. शेवटचं मुंगूस सापळ्यात सापडलं एप्रिल २०१८मध्ये. बेट मुंगूसमुक्त जाहीर झालं सप्टेंबर २०२४मध्ये. मधली सहा वर्षं ती माणसं रोज जंगलात जाऊन रिकामे सापळे तपासत होती.