पांप्लोनाचा तोफगोळा आणि सियालकोटच्या गोळ्या

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही चर्चच्या पायऱ्या उतरत होतो, तो एक माउली हातातली प्लास्टिकची पिशवी पदराआड सांभाळीत उभी असलेली दिसली. तळोद्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचे गाव. पिशवीत मुलाचे सैन्यातून आलेले कागद होते. मुलगा भरती होऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. डोंगरी रस्त्यावर लष्करी वाहन घसरले, त्याच्या पाठीच्या कण्याला मार बसला आणि अनेक महिने इस्पितळात काढल्यावर त्याला सेवेतून मुक्त करण्यात आले. कागदावरचा एक इंग्रजी शब्द तिने कोणाकडून तरी वाचून घेतला होता. 'इनव्हॅलिड' म्हणजे आपले पोर रद्द झाले काय, असे तिने आम्हांला विचारले. मतदानाची चिठ्ठी 'इनव्हॅलिड' होते, अर्ज 'इनव्हॅलिड' होतो, एवढा त्या शब्दाशी तिचा परिचय होता.

आम्ही तिला त्या शब्दाचा लष्करी अर्थ समजावून दिला आणि अर्ज लिहून दिला. प्रश्न मात्र आमच्या मनातून जाईना. तरणाताठा शिपाई, शरीर हेच ज्याचे भांडवल, त्याचे शरीरच एका क्षणात मोडले तर मागे काय उरते? आणि जे उरते ते उभे राहते ते कोणाच्या बळावर?

सैनिकी पेशा आमच्या या मुलखाला नवा नाही. १८२५ साली जेम्स औट्रम याने धरणगावी खानदेशातील भिल्लांची पलटण उभी केली आणि 'भिल्ल कोअर' या नावाने ती पुढे कित्येक वर्षे नांदली. आजही तळोद्याच्या रस्त्यावर पहाटे भरतीच्या तयारीसाठी धावणारी पोरे दिसतात. धावणाऱ्यांना सारे पाहतात. परतलेल्यांची विचारपूस फारशी होत नाही.

आम्हां धर्मगुरूंना जायबंदी शिपाई म्हटला की प्रथम आठवतात ते संत इग्नेशियस लोयोला. त्यांची कथा वाचकांना ठाऊकच आहे. दरवर्षी ३१ जुलैच्या सणाला ती प्रवचनातून सांगितली जाते आणि आम्हीही ती अनेकदा सांगितली आहे. मात्र सांगताना आमच्याकडून एक चूक होत आली, ती येथे कबूल करतो. तोफगोळा लागला, संतचरित्रे वाचली, परिवर्तन झाले, अशा तीन ढांगांत आम्ही पांप्लोनाहून थेट संतपदावर जाऊन पोहोचत असू. इग्नेशियस यांनी उतारवयात आपल्या सहकाऱ्यास सांगून लिहून घेतलेली हकिगत पुन्हा शांतपणे वाचली, तेव्हा मधली जागा आम्ही किती निष्काळजीपणे ओलांडली होती ते कळले.

२० मे १५२१ रोजी पांप्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंच तोफेचा गोळा त्यांच्या दोन्ही पायांमधून गेला. उजवा पाय मोडला, डाव्यालाही जखम झाली. ते कोसळताच किल्लाही शत्रूच्या स्वाधीन झाला. फ्रेंचांनी त्यांच्यावर उपचार केले आणि काही दिवसांनी डोलीतून लोयोलाच्या वाड्यावर पोहोचविले. तेथील वैद्यांना हाड चुकीचे बसलेले आढळले, म्हणून ते पुन्हा मोडून बसविण्यात आले. त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती. प्रकृती इतकी ढासळली की त्यांना अखेरचे संस्कारही देण्यात आले. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या आदल्या दिवसापासून मात्र त्यांना उतार पडू लागला.

आता खरी गोष्ट ऐकावी. पाय जुळून आला, पण गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला आणि पायही आखूड झाला. दरबारी शिपाई त्या काळी पायाला घट्ट बसणारे उंच बूट वापरीत. त्या बुटांत हा उंचवटा ओंगळ दिसला असता. एवढ्यासाठी इग्नेशियस यांनी जिवंत हाड करवतून घेतले. थोरले बंधू म्हणाले की आपल्याला अशी वेदना सोसवली नसती. त्यानंतर पाय लांब व्हावा म्हणून वजने बांधून तो ताणण्याचा खटाटोप झाला. हा सारा छळ कशासाठी? ईश्वरासाठी नव्हे. पूर्वीचे बूट पुन्हा पायात चढावेत यासाठी! संताच्या कथेतील हा भाग आम्हांला अतिशय मानवी वाटतो. रुग्णशय्येवर पडल्या पडल्या एका थोर स्त्रीची सेवा कशी करू, तिच्यासमोर कोणती भाषा वापरू, याच विचारात ते तीन-तीन, चार-चार तास गढून जात. जखमी शिपायाचे शरीर घरी येते, पण मन बराच काळ छावणीतच मुक्काम ठोकून असते.

त्यांनी वाचायला वीरकथा मागितल्या होत्या. वाड्यात त्या नव्हत्या, म्हणून ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे हाती पडली. जी वस्तू मागितली ती मिळाली नाही, आणि जी घरात होती ती कोणीतरी आणून दिली. पुढचा सारा इतिहास या साध्या देवघेवीतून सुरू झाला. तरीही घाई झाली नाही. १५२२ मध्ये ते घराबाहेर पडले, यरुशलेमला जाऊन आले, आणि वयाच्या तिशीनंतर बार्सिलोनात लहान मुलांच्या पंक्तीला बसून लॅटिन व्याकरण घोकू लागले. पॅरिसच्या विद्यापीठात त्यांना फ्रान्सिस झेवियर भेटले. येशूसंघाला पोपमहोदयांची मान्यता मिळाली ती १५४० साली, म्हणजे तोफगोळ्यानंतर एकोणीस वर्षांनी. झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले, आणि इग्नेशियस मात्र अखेरपर्यंत लंगडतच चालले.

लोयोलाच्या वाड्यात श्रीमंती होती, वैद्य होते, नोकरचाकर होते. गरिबाघरच्या शिपायाचे काय? त्यातही पाय मोडणे निराळे आणि पाठीचा कणा दुखावणे निराळे. कण्याला इजा झालेले सैनिक पहिल्या महायुद्धात बहुधा फार दिवस जगत नसत. अंथरुणास खिळून पाठीला व्रण पडत, मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होई आणि काही महिन्यांत अंत ओढवे. ही स्थिती पालटली ती डॉ. लुडविग गुटमान यांनी. जर्मनीतील छळामुळे १९३९ साली देश सोडून इंग्लंडला आलेले हे ज्यू डॉक्टर. फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे कण्याच्या रुग्णांसाठी विभाग उघडण्यात आला आणि तो त्यांच्याकडे सोपविला गेला. रुग्णाला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कुशीवर वळवायचे, हा त्यांचा पहिला दंडक. ते स्वतः रात्री फेरी मारून हे पाहत. ज्यांना सांभाळून मरू द्यायचे अशी रीत होती, त्यांना त्यांनी कामाला जुंपले, खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी लंडनला ऑलिंपिकचे उद्घाटन होत असताना स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर सोळा जायबंदी सैनिक स्त्री-पुरुष चाकाच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळत होते. त्याच रोपाचा पुढे पॅरालिंपिक नावाचा वृक्ष झाला. १९६० साली रोममध्ये या खेळांसाठी सुमारे चारशे खेळाडू जमले, तेव्हा पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना भेटीस बोलाविले. आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबेर्तँ यांच्या नावाने त्यांनी गुटमान यांचा गौरव केला आणि त्यांना पक्षाघातग्रस्तांचे कुबेर्तँ म्हटले.

स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीपासून आपल्या महाराष्ट्राकडे येणारी वाट आहे आणि तिच्यावर एक मराठी शिपाई उभा आहे. मुरलीकांत पेटकर यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचा, १९४४ सालचा. सैन्याच्या ईएमई विभागात ते जवान होते आणि मुष्टियुद्धात त्यांनी नाव कमावले होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्यांनी त्यांचे शरीर विंधले गेले. त्यांतील एक कण्यापाशी रुतली आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. त्या वेळी ते एकवीस वर्षांचेही नव्हते. मुष्टियोद्ध्याचे बळ हातात दिसते, पण त्याचा ठोसा निघतो तो पायांतून. म्हणजे शिपाईगिरीबरोबर खेळही गेला.

मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायामोपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. पदकासाठी नव्हे, स्नायू जिवंत राहावेत म्हणून. इग्नेशियस यांच्या हाती पुस्तके आली, पेटकरांच्या वाट्याला पाण्याचा हौद आला. दोघांनीही आरंभी ते मागितले नव्हते. मग ते टेबल टेनिस खेळू लागले आणि १९६८ साली तेल अवीव येथील पॅरालिंपिकला गेले. भारताने या खेळांत प्रथम भाग घेतला तो याच वर्षी. ऑगस्ट १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात त्यांनी ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणारे ते पहिले भारतीय. ऑलिंपिकमध्ये असे पदक अभिनव बिंद्रा यांनी आणले ते २००८ साली, छत्तीस वर्षांनंतर. जर्मनीतून पळून गेलेल्या डॉक्टरने चालविलेल्या खेळांत, जर्मनीच्याच भूमीवर, आपल्या मातीतल्या जायबंदी शिपायाने तिरंगा उंचावला, हा योगायोग आम्हांला विलक्षण वाटतो.

मात्र हायडेलबर्गहून परतल्यावरची वर्षे आम्हांला पदकाइतकीच महत्त्वाची वाटतात. पेटकरांना पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरी मिळाली. संसार उभा राहिला तो त्या पगारावर. सन्मानाची वाट त्यांनी फार पाहिली. १९८२ साली अर्जुन पुरस्काराची त्यांची मागणी नाकारली गेली. 'पद्मश्री' मिळाली २०१८ मध्ये, पदकानंतर सेहेचाळीस वर्षांनी. २०२४ साली त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, राष्ट्रपतिभवनात कुबड्यांच्या आधाराने चालत जाऊन त्यांनी जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार स्वीकारला. टाळ्या खूप वाजल्या. अर्धशतक उशिरा वाजलेल्या टाळ्या ऐकताना मनाला आनंद होतो तसा संकोचही होतो.

पदक सर्वांना मिळणार नाही हे उघड आहे. काम मात्र अनेकांना मिळू शकते, आणि या बाबतीत पुणे परिसराचा इतिहास अभिमानास्पद आहे. पहिल्या महायुद्धातील जायबंदी हिंदी शिपायांना हातचा धंदा शिकविण्यासाठी १९१७ साली गव्हर्नर विलिंग्डन यांच्या पत्नीच्या पुढाकाराने मुंबईत 'क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट' सुरू झाली आणि नंतर ती खडकीला स्थिरावली. दुसरे महायुद्ध चालू असताना १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. ज्यांचा कणा दुखावला आहे आणि ज्यांना घरी सांभाळणे कठीण आहे, अशा सैनिकांसाठी १९७४ पासून खडकीतच पक्षाघात पुनर्वसन केंद्र आहे. तेथे चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळला जातो, हस्तव्यवसाय चालतात. या तीनही तारखा युद्धांच्या पाठोपाठच्या आहेत. युद्धात मोडलेली माणसे डोळ्यांसमोर असली म्हणजे समाजाला त्यांची आठवण होते; शांततेच्या काळात जीप उलटून मोडलेल्या शिपायाला ती अनुकूलता नसते.

म्हणूनच कागदांचा प्रश्न क्षुल्लक नाही. जुन्या, १९६१ च्या नियमावलीनुसार अपंगत्व वीस टक्के वा अधिक असावे आणि ते लष्करी सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले असावे, अशी निवृत्तिवेतनाची अट होती. 'सेवेमुळे' या एका शब्दावर कित्येक कुटुंबांची चूल अडली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका जवानाच्या प्रकरणात निर्णय दिला की, भरतीच्या वेळी कागदोपत्री आजाराची नोंद नसेल तर शिपाई निरोगीच होता असे धरले पाहिजे, आणि अपंगत्व सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे. २०२३ मध्ये हे नियम पुन्हा बदलले. ज्यांची कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली त्यांची दशा तर याहून बिकट. आपल्या खडकवासल्याच्या प्रबोधिनीत किंवा अन्य लष्करी संस्थांत शिकताना जायबंदी होऊन बाहेर पडलेले सुमारे पाचशे छात्र १९८५ पासून आहेत. अधिकारपद मिळण्यापूर्वीच इजा झाल्यामुळे ते माजी सैनिक ठरत नाहीत. त्यांना निवृत्तिवेतन नाही, सानुग्रह रक्कम तेवढी मिळते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन यात लक्ष घातले आणि त्याच महिन्यात माजी सैनिकांची वैद्यकीय योजना त्यांनाही लागू करण्यात आली.

आम्ही लिहून दिलेला अर्ज एका कार्यालयातून एक दाखला कमी म्हणून परत आला. तो जोडून पुन्हा पाठविला आहे. दिवाळीनंतर आम्ही त्या गावी गेलो, तेव्हा मुलगा ओट्यावर खाटेवर बसला होता. आईने चहा दिला. आम्ही त्याला प्रथम लोयोलाच्या वाड्यातली हकिगत सांगितली. बूट पायात बसावा म्हणून हाड करवतून घेतल्याचे ऐकून तो हसला आणि कोपऱ्यात कागदात गुंडाळून ठेवलेल्या आपल्या लष्करी बुटांकडे त्याने बोट दाखविले. ते कोणाला द्यायचे नाहीत असे त्याने आईला बजावून ठेवले आहे.

मग पेटकरांची हकिगत सांगितली. हा मुलगा लहानपणी मामाच्या गावी, तापीत पोहायला शिकलेला. सुवर्णपदकाविषयी त्याने काही विचारले नाही. पाय हलत नसताना पाण्यात ते खाली ओढले जात असतील, तेव्हा कंबर वर कशी राखीत असतील, एवढेच त्याला हवे होते. आम्हांला पोहता येत नाही. खडकीच्या केंद्राला पत्र लिहून विचारतो, असे सांगून आम्ही उठलो. पत्राचा पत्ता त्याने स्वतःच्या वहीतही उतरवून घेतला.