उभी गाडी आणि अधूनमधून येणारा दोष

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही जणांनी आम्हांला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचा मोटारीच्या वायरिंगशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो आमच्या एका चुकीतून जुळला. आधी ती चूक सांगतो, मग इतिहासाकडे वळतो.

आमच्या नात्यातले एक आंबा बागायतदार रत्नागिरीजवळ राहतात. त्यांच्या मुलानं मुंबईत असताना एक परदेशी बनावटीची भारी मोटार घेतली आणि पुढं परदेशी जाताना ती वडिलांकडे आणून ठेवली. कोणत्या कंपनीची, हे महत्त्वाचं नाही. गाडी वर्षात फिरणार किती? लग्नकार्य, गणपती, मुलगा सुट्टीवर आला की चार दिवस. बाकी वेळ शेडमध्ये, कापडाखाली. तिला एक रोग जडला. कधी बटण दाबलं तरी काही होईना, कधी काचा खाली येईनात, कधी समोर एकदम चार-पाच तांबडे दिवे लागत. अर्ध्या तासानं पुन्हा सगळं ठीक. गॅरेजात नेली की काही सापडत नसे. मुलगा येऊन आठवडाभर चालवी तेव्हाही तक्रार नसे. तक्रार करी तो एकटा ड्रायव्हर. तो म्हणे, "गाडी उभी राहिली की रुसते."

बागायतदारांनी आमचं मत विचारलं. आम्ही तर्कशास्त्र शिकवलेलं. म्हटलं, दोष दिसतो तेव्हा दर वेळी हाच माणूस चाकावर असतो, तो नसतो तेव्हा दोषही नसतो. अन्वय जुळतो, व्यतिरेकही जुळतो. त्याच्या हाताळणीतच काहीतरी आहे. महिन्याभरात त्याची सात वर्षांची नोकरी गेली.

हे अनुमान कुठं चुकलं ते कळायला आम्हांला मोटारीतल्या विजेचा इतिहास वाचावा लागला.

कार्ल बेंझ यांनी 1886 साली आपल्या तीनचाकी गाडीचं पेटंट घेतलं. त्या गाडीत वीज एकाच कामासाठी होती, इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी. 1888 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या, सुमारे शंभर किलोमीटर. इतक्या लांब मोटारनं कुणी गेलेलं नव्हतं. वाटेत ठिणगीच्या वायरीवरचं वेष्टन झिजलं, तेव्हा त्यांनी पायमोज्याचा पट्टा काढून त्यावर गुंडाळला, असं सांगतात. मोटारीच्या इतिहासातला हा बहुधा पहिला प्रसिद्ध वायरिंगचा दोष. तो रस्त्यातच सापडला, कारण त्या गाडीत वायरी होत्याच किती!

पुढं मॅग्नेटो आला. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. इंजिन फिरलं की त्यातून वीज निघे, थांबलं की बंद. साठवण नाही, म्हणून संपण्याची भीतीही नाही. पण इंजिन पहिल्यांदा फिरवायचं कुणी? माणसानं, पुढं उभं राहून, हँडल मारून. हँडल उलटं फिरलं की मनगट मोडे. म्हणून 1912 च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा 'सेल्फ' बसला, त्याचं मोठं स्वागत झालं. इंजिन फिरवायला फार मोठी मोटर लागेल, असं तोवर मानलं जाई. केटरिंग यांनी एवढंच पाहिलं, की ही मोटर काही सेकंदच चालायची आहे. तेवढ्यापुरता तिच्यावर जास्त भार टाकला तरी ती जळत नाही.

त्या दिवसापासून मोटारीत एक उसनवारी सुरू झाली. सुरू होताना बॅटरीकडून उसनं घ्यायचं आणि चालताना डायनॅमोनं, पुढं अल्टरनेटरनं, ते फेडायचं. हा व्यवहार एका गृहीतावर उभा आहे : घेतल्यावर गाडी चालेल, आणि पुरेशी चालेल. जी गाडी उसनं घेते आणि चालतच नाही, तिचं दिवाळं वाजणार. आजही लोक रविवारी गाडी पाच मिनिटं जागेवर सुरू ठेवतात आणि समाधान मानतात. त्या पाच मिनिटांत बहुतेक वेळा पूर्ण फेड होत नाही.

दुसरी एक काटकसर. घरात विजेला जायला एक तार आणि परत यायला एक तार असते. मोटारीत परतीचं काम बहुतेक ठिकाणी गाडीचं लोखंडी अंगच करतं. याला आपण 'अर्थ' म्हणतो. ही युक्ती तांबं वाचवते, पण एका नटाखाली गंज धरला की त्या नटावर परतणारी सगळी उपकरणं एकदम चळतात. जुन्या अनेक गाड्या सहा व्होल्टच्या होत्या. तिथं अर्धा व्होल्ट वाटेत हरवला तर बारावा हिस्सा गेला. पुढं बारा व्होल्ट रूढ झाले ते मुख्यतः मोठ्या इंजिनांसाठी. अर्थचा नट मात्र तसाच राहिला.

आता कुणी म्हणेल, जुन्या राजेरजवाड्यांच्या गाड्या वर्षानुवर्षं उभ्या असूनही चालतातच की! आंबा घाट चढून कोल्हापूरला जा. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार दसऱ्याच्या शाही सोहळ्यासाठी बाहेर निघते आणि ती पाहायला गर्दी लोटते. मेबॅक हे घराणं झेपेलिन हवाई जहाजांची इंजिनं बनवणारं. पण त्या काळच्या गाडीची एक मोठी सोय होती. ती बंद केली की खरोखर बंद होई. घड्याळ असलंच तर तेवढं चाले. शिवाय अशा गाडीला माणूस असतो, तिची नेमानं देखभाल होते. दसऱ्याची पूजा एका दिवसाची, पण तिच्या आधीची झाडपूस, तेलपाणी आणि चालवून बघणं ही खरी पूजा असते.

आजची भारी मोटार बंद होत नाही, ती झोपते. बॉश कंपनीनं 1986 साली 'कॅन' नावाची संदेशपद्धत मांडली. प्रत्येक दिव्याला, प्रत्येक काचेला वेगळी तार ओढण्याऐवजी अनेक छोट्या संगणकांनी दोन तारांवरून एकमेकांशी बोलायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती मर्सिडीजच्या एस क्लाससारख्या महागड्या गाड्यांत आली आणि हळूहळू सगळीकडे पसरली. सोय मोठी झाली. पण हे संगणक गाडी उभी असतानाही चावीची चाहूल घेत, चोराची चाहूल घेत थोडी थोडी वीज खातात. हिशेब करू. 50 मिलिॲम्पिअर म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. पण दिवसाला ते 1.2 ॲम्पिअर-तास होतात, तीस दिवसांत 36. सत्तर-ऐंशी ॲम्पिअर-तासांची बॅटरी महिन्यात जवळपास अर्धी उतरली. उष्ण हवेत ती आपोआपही उतरते, ते वेगळंच. अर्ध्या उतरलेल्या शिशाच्या बॅटरीत सल्फेटचे कठीण थर धरू लागतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. अशा बॅटरीवर बटण दाबलं की दाब क्षणभर कोसळतो. सगळे संगणक एकाच वेळी गडबडतात, जो तो शेजाऱ्याकडून निरोप आला नाही म्हणून तांबडा दिवा लावतो. म्हणून पाच दिवे लागले तरी दोष पाच असतीलच असं नाही.

त्यात आपलं कोकण. वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, समुद्राची खारी हवा. बंद घराचं काय होतं, हे इथं कुणाला सांगायला नको. चाकरमानी मुंबईला, घर कुलपात. शिमग्याला दार उघडावं तर भिंतीला ओल, वाशाला वाळवी. म्हणून शेजाऱ्याकडे किल्ली देतात, "अधूनमधून दारं उघड रे, दिवा लाव" म्हणून सांगतात. गाडीचंही तेच. ती चालते तेव्हा इंजिनाच्या आणि दिव्यांच्या उष्णतेनं ओल सुकते. उभ्या गाडीत ती ओल जोडांवर बसून राहते, आणि उंदीर तिथं घर करतात.

आता आमच्या चुकीकडे. आपल्या नैयायिकांचा एक शब्द आहे, 'कादाचित्क' : कधी असतं, कधी नसतं ते. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त यावरच बोट ठेवलं. जे कधी असतं आणि कधी नसतं, त्याला कारण असलंच पाहिजे. कारणच नसतं तर ते नेहमी असतं किंवा कधीच नसतं. हे आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. मग कारण कुठं शोधायचं? दोष असतानाच्या आणि नसतानाच्या परिस्थितीत काय काय बदललं, ते सगळं पाहायचं. आम्ही त्यातलं एकच पाहिलं, चाकावरचा माणूस. गाडी गॅरेजात पोहोचे ती वीस किलोमीटर धावून, बॅटरी थोडी भरून, जोड गरम होऊन. मुलगा चालवी ते दिवस लागोपाठचे. आठवडाभराच्या मुक्कामानंतर पहिल्यांदा बटण दाबण्याचं काम नेहमी ड्रायव्हरकडेच असे. माणूस आणि उभं राहणं ही दोन्ही कारणं आम्ही वेगळी केलीच नाहीत.

ती वेगळी केली एका तरुण इलेक्ट्रिशियननं. त्यानं गाडी आठ दिवस हलवू दिली नाही. मग दिवे लावून मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी गाडीच्या अंगाला लावली. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. तिथं एक व्होल्टहून जास्त निघाला. डिकीतली चटई उचलली तर अर्थच्या नटावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड. मागच्या दिव्याच्या रबरातून पाणी झिरपत होतं. पॉलिश पेपर, नवा नट, थोडं ग्रीस, नवी बॅटरी. एका दुपारचं काम.

आम्ही ड्रायव्हरच्या घरी गेलो. तो आता मासळीचा टेम्पो चालवतो. काय बोलावं सुचेना. त्यानं आतून मागच्या वर्षीचं कॅलेंडर आणलं. गाडी बाहेर काढली त्या दिवशी निळी खूण, बिघडली त्या दिवशी तांबडी. एकही तांबडी खूण निळीच्या दुसऱ्या दिवशी नव्हती; मध्ये सहा-सात तरी घरं कोरी. "सर, हे मी तेव्हा दाखवायला आणलं होतं," तो म्हणाला. आणलं असणार. 'रुसते' हा शब्द ऐकला आणि आम्ही पुढचं ऐकलंच नाही. त्या शब्दात जे निरीक्षण होतं ते आमच्या अनुमानाहून पक्कं होतं.

ज्यांच्याकडे अशी गाडी उभी असेल त्यांना एवढंच सांगणं : आठवड्यातून एकदा तरी ती अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा. जमत नसेल तर बॅटरी भरती ठेवणारा छोटा चार्जर जोडा. दोष दिसेल त्या दिवसाची आणि आधी गाडी किती दिवस उभी होती याची नोंद ठेवा. आणि गाडी रोज हाताळणारा माणूस काही सांगत असेल, तर त्याला पूर्ण बोलू द्या.

बागायतदारांनी त्याची माफी मागितली, नोकरी परत देऊ केली. तो आला नाही. दर रविवारी सकाळी मात्र येतो, गाडी पावसपर्यंत नेऊन आणतो, ठरलेले पैसे घेतो आणि शेडमधल्या कॅलेंडरवर निळी खूण करून जातो.