हिपॅटायटिस सी, बालवयातील

यकृताला वर्षानुवर्षे सूज ठेवणारा हा विषाणू मुलांमध्ये बहुधा आईकडूनच येतो. रक्तात विषाणू असलेल्या शंभर मातांपैकी साधारण पाच-सहा जणींच्या बाळांना तो लागतो. आईला एचआयव्हीही असेल तर हे प्रमाण जवळपास दुप्पट होते. स्तनाग्रांना भेगा पडून रक्त येत नसेल तर अंगावर पाजायला हरकत नसते.

सहा महिन्यांच्या बाळाच्या रिपोर्टवर ‘अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह’ दिसले की घरचे हादरतात. ही घबराट बहुतेक वेळा चुकीची ठरते. अँटी-एचसीव्ही म्हणजे या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे; ती आईची असतात आणि दीड वर्षापर्यंत बाळाच्या रक्तात रेंगाळू शकतात. खुद्द विषाणू आहे की नाही, हे एचसीव्ही आरएनए तपासणीच सांगते.

खरी लागण झालेल्यांपैकीही २० ते ४० टक्के मुले औषधाविना विषाणू घालवून टाकतात, बहुतेक जण पहिल्या तीन-चार वर्षांत. भारतात जास्त आढळणाऱ्या जनुकीय प्रकार ३ मध्ये हे तुलनेने अधिक वेळा घडते. त्यानंतर मात्र विषाणू आपणहून जाणे विरळच.

मग सुरू होतो तो शांत काळ. मूल खाते, खेळते, उंची वाढते. कावीळ दिसत नाही. एसजीपीटी हे यकृताचे विकर कधी किंचित वाढलेले, कधी अगदी नॉर्मल. सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी घट्ट होणे, होतो तो शंभरात एका-दोघांना.

म्युनिकमधला अनुभव याच काळाबद्दल आहे. तिथे १९९१ पूर्वी, म्हणजे दात्यांच्या रक्ताची या विषाणूसाठी चाचणी होऊ लागण्याआधी, लहानपणी हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४५८ जणांना पुढे तपासण्यात आले. ६७ जणांत प्रतिपिंडे सापडली, पण सुमारे वीस वर्षांनी विषाणू उरला होता तो ३७ जणांतच. त्यांतल्या एकाचीच यकृताची विकरे वाढलेली होती. सुईने यकृताचा तुकडा काढून पाहिलेल्या १७ जणांपैकी तिघांत आजार पुढे सरकला होता. १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि बालरोगतज्ज्ञांना हायसे वाटले.

वीस वर्षे हा काळ यकृताच्या हिशोबात थोडाच. ब्रिटनमध्ये बालपणी किंवा पौगंडावस्थेत लागण झालेल्या हजाराहून अधिक रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणांत यकृताचा गंभीर आजार आढळला. लागणीपासून तिथवर साधारण ३३ वर्षे गेली होती, म्हणजे ऐन कर्तेपणाच्या वयात! संसर्ग आईकडून आला, रक्तातून आला की सुईतून, याने फारसा फरक पडला नाही. लठ्ठपणा, पुढे लागलेली दारू आणि हिपॅटायटिस बी यांनी आजाराचा वेग वाढतो. थॅलेसेमियाच्या मुलांचे दुखणे दुहेरी: वारंवार रक्त चढवल्याने साचणारे लोहही यकृतच पोखरते. भारतात रक्तपेढ्यांना सी विषाणूची तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्याआधी रक्त घेतलेली अशी मुले आज प्रौढ आहेत.

लस अजून नाही. थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्यांनी मात्र आठ ते बारा आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. तीन वर्षांपासूनच्या मुलांना त्या देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. तोवर विषाणू आपणहून जातो का, हे पाहायला वेळ मिळतो. ज्यांना आधीच सिरॉसिस झालेला आहे, त्यांची सोनोग्राफी विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी करत राहावी लागते.