नारू रोग आणि पायविहीर : ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या इतिहासातील एक प्रकरण

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागात नारू हा रोग एकेकाळी घरोघरी परिचित होता. पायावर फोड येणे, तो फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखा कृमी बाहेर येणे आणि काडीला गुंडाळून तो रोज थोडाथोडा ओढणे, एवढाच त्यावरील उपचार होता. मादी कृमीची लांबी ६० ते १०० सेंटिमीटर भरत असल्याने ही क्रिया कित्येक आठवडे चाले. कृमी मध्येच तुटल्यास पाय सुजून रुग्ण अंथरुणाला खिळे.

रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको यांनी १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात या कृमीच्या अळ्या सायक्लॉप्स या सूक्ष्म जलजीवात वाढतात हे दाखविले. या शोधामुळे पायविहिरीचा दोष उघड झाला. पायऱ्या उतरून पाण्यात उभे राहून घागर भरणाऱ्या रुग्णाच्या जखमेतून अळ्या पाण्यात सुटत व तेच पाणी गाव पीत असे. उन्हाळ्यात पाणी तळाशी गेले की सायक्लॉप्सची दाटी होई. शरीरात कृमीची वाढ होण्यास सुमारे एक वर्ष लागते. साहजिकच पुढील वर्षी नेमका मशागतीच्या व पेरणीच्या तोंडावर शेतकरी जायबंदी होई. नारूचा खरा हिशेब मृत्यूंत नव्हे, तर बुडालेल्या हंगामात मांडावा लागतो. खेडुतांच्या अज्ञानावर या रोगाचे खापर फोडणे म्हणूनच अन्यायाचे ठरते. पाण्यापर्यंत जाण्याची दुसरी वाटच त्यांना उपलब्ध नव्हती.

राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. १९८४ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांतील ८९ जिल्ह्यांत सुमारे ४० हजार रुग्ण आढळले. या रोगावर लस नव्हती, कृमी मारणारे औषधही नव्हते. पायऱ्या बंद करून काठावरून पाणी शेंदण्याची सोय करणे, हातपंप बसविणे, टेमेफॉसने पाण्यातील सायक्लॉप्स मारणे व दुपदरी कापडाने पाणी गाळणे, हेच उपाय होते. यांपैकी हातपंपाचे श्रेय काहीसे दुर्लक्षित राहिले आहे. देशभर पसरलेला 'इंडिया मार्क दोन' हा पंप सोलापूर येथे विकसित झालेल्या पंपाच्या आधारे तयार झाला होता.

देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. अलीकडे जुन्या बारवांच्या संवर्धनाचे स्तुत्य प्रयत्न होत आहेत. त्यांच्या वर्णनांत कोनाड्यांतील शिल्पे व शिलालेख येतात. शेवटच्या पायरीवर पाय बुडवून उभ्या राहिलेल्या पाणक्या बायका मात्र येत नाहीत.